तलावाला देवघराचे नियम कशाला?



उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावोगावी पोहण्याचे वर्ग सुरू होतात. आपल्या समाजातली मुलंमुलीही हौसेने जातात. फी भरताना मुलगा-मुलगी असा फरक आता कुणी करत नाही, ही चांगली गोष्ट आहे. फरक सुरू होतो तो मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की. आधी महिन्यातले पाच दिवस ती घरी राहते. मग परीक्षा येते, मग घरात लग्नकार्य येतं, मग कुणीतरी म्हणतं, "राहू दे आता, आली तेवढं पुरे." चौदाव्या वर्षी तिचा पोहण्याचा ड्रेस धाकट्या बहिणीला दिला जातो. भाऊ मात्र पोहतच राहतो.

यंदा माझ्या नातीबरोबर पोहणाऱ्या एका मुलीला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवलं नाही. स्पर्धेची तारीख आणि तिची तारीख एक आली, एवढंच कारण. वर्षभर पहाटे पाचला उठून सराव करणारी पोर त्या दिवशी घरात बसून होती. घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, ताप आहे. मला त्या तापाचा राग आला आणि म्हणून आज हे लिहिते आहे. पाळी आलेल्या मुलीला पोहू द्यावं, आणि तिला आरामात पोहता यावं यासाठी लागणारी वस्तू आणि माहिती तिच्या आईने, आजीने तिच्या हातात द्यावी, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी नियम पाळणारी बाई आहे. पाळी होती तोवर त्या दिवसांत मी अभिषेकाला उभी राहिले नाही, जिनवाणीला हात लावला नाही, मुनी-आर्यिकांच्या आहाराच्या चौक्यात पाऊल टाकलं नाही. त्या नियमांवर मला आज वाद घालायचा नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपापल्या गुरूंना विचारावं. पण हे नियम कशाचे आहेत ते नीट बघा. ते पूजेचे आहेत, शास्त्राचे आहेत, आहारदानाचे आहेत. पोहण्याच्या तलावाला ते कुणी लावले? तलावात प्रतिमा नाही, तिथे आहार होत नाही, स्वाध्याय चालत नाही. तिथे पाणी आहे, क्लोरीन आहे आणि शिट्टी वाजवणारे सर आहेत.

आणि खरं सांगायचं तर घराबाहेर आपण हे नियम कधीच सोडून दिलेत. त्या दिवसांत आपल्या सुना बँकेत नोटा मोजतात, शाळेत शिकवतात, एसटीत खेटून उभ्या राहतात, दुकानात गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवतात. तेव्हा कुणाला विटाळ होत नाही. पगार येतो तिथे अडचण आड येत नाही आणि मुलीच्या आवडीची गोष्ट आली की येते. हा धर्म म्हणायचा की सोय?

काही जणी दुसरा मुद्दा काढतील. पोहण्यात अपकाय जीवांची विराधना होते, तलावाचं पाणी अनगळ, मग आपण त्याची तरफदारी का करायची? मुद्दा खरा आहे. ज्यांनी न पोहण्याचा नियम घेतला आहे त्यांना माझा नमस्कार. पण तो नियम महिन्याचे तीसही दिवस असतो, आणि मुलगा-मुलगी दोघांनाही असतो. पंचवीस दिवस मुलीला तलावात पाठवायचं, भावाला तीस दिवस पाठवायचं आणि फक्त पाच दिवस जीवदया आठवायची, असं व्रत कुठल्याच शास्त्रात सापडायचं नाही.

आता दुसऱ्यांच्या आरोग्याचं बोलू. "बाकीची मुलं पोहतात त्या पाण्यात ती कशी उतरणार?" आमच्याकडच्या एका तलावावर तर तशी पाटीच लावलेली आहे. मी बी.कॉम. आहे, त्यामुळे मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. एका पूर्ण पाळीत जाणारं रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर असतं, म्हणजे आपल्या वाढायच्या मोठ्या चमच्याने दोन-तीन चमचे. तेही चार-पाच दिवसांत मिळून. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. आपल्याला ते बादलीभर वाटतं, कारण कपड्यावर डाग पसरतो. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेचार लाख लिटर पाणी मावतं. समजा अगदी पाच मिलिलिटर त्यात गेलंच, तर साडेसात कोटी भागांत एक भाग. शिवाय क्लोरीन आहे, ते जंतू मारण्यासाठीच टाकतात. आणि योग्य साधन वापरलं तर हे पाच मिलिलिटरही पाण्यात जात नाही. याउलट आंघोळ न करता घामासकट उड्या मारणारी आणि तलावातच लघवी करणारी मुलं किती असतात, ते कुठल्याही सरांना विचारा. त्यांच्यासाठी कुणी महिन्यातले पाच दिवस बंदी घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिसरा आक्षेप आपल्या आज्यांचा. "गार पाण्यात उतरलं की रक्त आत साकळतं, पुढे मूल राहत नाही." हे मीही लहानपणी ऐकलंय. पण असं काही होत नाही. पाण्यात असताना बाहेरून पाण्याचा दाब असतो, त्यामुळे स्राव कमी झाल्यासारखा वाटतो. पाळी थांबत नाही. खोकलं, हसलं, पाण्याबाहेर आलं की थोडं येऊ शकतं. म्हणून 'पाण्यात येतच नाही' असं समजून काहीच न लावता उतरू नये. राहिलं पोटाचं दुखणं. हलक्या व्यायामाने ते बऱ्याच जणींचं कमी होतं, आणि पाण्यात शरीराचा भार कमी होत असल्याने कंबरेलाही बरं वाटतं. मूल राहण्या न राहण्याशी याचा काही संबंध नाही.

चौथा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. कप किंवा टॅम्पॉन आत घालायचा म्हणजे कुमारी मुलीचं काय? स्पष्टच लिहिते. तो पातळ पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो. त्याला जन्मतः छिद्र असतं, नाहीतर पाळी बाहेर कशी आली असती? सायकल चालवून, खेळून, व्यायाम करूनही तो ताणला जातो. त्यावरून कुणाचं शील ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलं आहे की कौमार्य चाचणीला कसलाही वैद्यकीय आधार नाही. आपण शीलाला महाव्रत-अणुव्रतात जागा देतो. ब्रह्मचर्य मन, वचन आणि काया या तिघांचं असतं असं प्रवचनात ऐकतो. मग घरी येऊन ते एका पातळ त्वचेवर का तोलतो? जो मुलगा या कारणाने आपल्या मुलीला नाकारेल, त्याच्या घरी ती न गेलेलीच बरी.

आता कामाचं बोलू. आक्षेप खोडून काढले आणि मुलीच्या हातात काही दिलं नाही तर ती तलावाच्या काठावरच उभी राहील.

पॅड लावून पोहायचं नाही. पॅड पाणी शोषतो, फुगतो, जड होतो, निसटतो, आणि मग खरंच फजिती होते. बऱ्याच मुलींचं पोहणं अशा एका फजितीनेच सुटतं.

टॅम्पॉन म्हणजे कापसाची लहान गुंडाळी, तिला दोरी असते. ती आतल्या आत शोषून घेते. पोहायच्या आधी नवी घालायची, दोरी ड्रेसच्या आत सारायची, पोहून आल्यावर लगेच बदलायची. स्राव असेल त्याला पुरेल एवढा लहानात लहान नंबर घ्यायचा. चार ते आठ तासांत बदलायचाच, त्याहून जास्त वेळ कधीही ठेवायचा नाही. हे मी दटावून सांगते आहे, कारण १९८० मध्ये अमेरिकेत फार शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉक सिंड्रोम नावाचा आजार बऱ्याच बायकांना झाला आणि काहींचा जीव गेला. आज तो अगदी विरळा आहे. तरी अचानक जोराचा ताप, उलटी, जुलाब, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखं अंग लाल होणं, असं काही दिसलं तर टॅम्पॉन किंवा कप काढायचा आणि सरळ डॉक्टरांकडे जायचं. वाट बघायची नाही.

कप हा मऊ सिलिकॉनचा, लहान फुलपात्रासारखा असतो. तो शोषत नाही, साठवतो. घडी करून आत सरकवला की उघडतो आणि कडेने घट्ट बसतो. नीट बसला की पाणी आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही. काढताना नुसती दांडी ओढायची नाही. बूड चिमटीत दाबून हवा जाऊ द्यायची, मग हळू काढायचा. हात साबणाने धुवायचे. पाळी संपली की कप पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळून, कोरडा करून कापडी पिशवीत ठेवायचा. त्यासाठी एक वेगळं पातेलं ठेवा म्हणजे सासूबाईंचीही तक्रार नाही. मुलींसाठी लहान माप मिळतं. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत जमत नाही, चिडचिड होते, गळतं. म्हणून घरी असताना सराव करायचा, स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा वापरायचा नाही. जिने तांबी बसवली आहे तिने आधी डॉक्टरांना विचारावं, कारण कप ओढताना तांबी सरकू शकते. हे मुलींसाठी नाही, त्यांच्या आयांसाठी लिहिलं. आयांनीही पोहावं की!

ज्यांना आत काही घालायचं नाही, त्यांच्यासाठी पाळीत वापरायचे पोहण्याचे कपडे आता मिळतात. त्यांत शोषणारा आणि गळू न देणारा असे थर शिवलेले असतात. कमी स्रावाच्या दिवशी ते पुरतात, पहिल्या-दुसऱ्या दिवशी एकट्यावर भिस्त ठेवू नये. काळा किंवा गडद निळा ड्रेस, वर अर्धी चड्डी, पिशवीत गडद रंगाचा टॉवेल आणि एक जादा कपडा एवढं ठेवलं की मुलीची निम्मी भीती जाते.

खर्चाचा हिशेब माझ्या वहीत असा आहे. एक पॅड सात रुपये धरला आणि एका पाळीला पंधरा लागले, तर १०५ रुपये. बारा महिन्यांचे १,२६०, पाच वर्षांचे ६,३०० रुपये आणि ९०० पॅडचा कचरा. कप चांगला जपला तर पाच वर्षं सहज टिकतो आणि तो पाचशे रुपयांना आणला तरी वर्षाचे शंभर रुपये पडतात. आपल्या घरात दुधाच्या पिशवीवरचे आठ आणेसुद्धा कुणी सोडत नाही, मग हा हिशेब आपल्याला का दिसू नये?

आणि त्या ९०० पॅडचं आपण काय करतो? कागदात गुंडाळून कचऱ्यात. तिथून घंटागाडीत, तिथून ढिगावर, आणि तिथे कुणीतरी बाई ते हाताने वेगळं करते. पाच समित्यांत उत्सर्ग समिती आहे, शरीरातून बाहेर पडलेलं जीवजंतू बघून, जपून टाकावं अशी. ती मुनींसाठी सांगितली असली तरी तिच्यातली शिकवण आपल्यालाही कळते. शरीराबाहेर पडलेल्या रक्तात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते असं आपण मानतो. मग प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं रक्त आठवडाभर कुजत ठेवणं जास्त दोषाचं, की कप ओतून लगेच पाण्याने धुऊन टाकणं? अहिंसेचा विचार करून बघितला तर मला कपच आपल्या जास्त जवळचा वाटतो.

कुणी म्हणेल, "अहो, पण पाच दिवस विश्रांती मिळते, ते चांगलंच नाही का?" विश्रांती चांगलीच. जिचं पोट दुखतंय, जिला नको वाटतंय, तिने झोपावं, गरम पाण्याची पिशवी घ्यावी, तिला कुणी ढकलू नये. फार रक्त जात असेल, दरवेळी उठता येत नसेल, तर तिला डॉक्टरकडे न्यावं, 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' म्हणून बसवू नये. पण तिने मागून घेतलेली विश्रांती आणि आपण घातलेली मनाई एक नाही. उपवास आपण स्वतः पच्चक्खाण घेऊन करतो तेव्हा ते तप होतं. दुसऱ्याने ताट काढून घेतलं तर ती उपासमार.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये फू युआनहुई नावाच्या चिनी मुलीने हे सगळ्या जगापुढे सांगितलं. आधी तिने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये कांस्यपदक घेतलं होतं. नंतर रिलेमध्ये चीन चौथा आला, तेव्हा पोट धरून बसलेल्या तिने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं की आदल्या रात्रीच पाळी आली आहे, थकवा आहे, पण हे काही कारण नाही, मी कमी पडले. चीनमध्येही तेव्हा पुष्कळांनी विचारलं, पाळीत पोहता येतं? तिथे टॅम्पॉन वापरणाऱ्या बायका फार थोड्या. आपल्यासारखंच. पण ती पोहली, दमली, हरली आणि सरळ बोलली. तिने तापाचं नाव सांगितलं नाही. मला तिच्या पदकाइतकंच त्याचं कौतुक आहे.

आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला गेला तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं. तसं एखाद्या पाटलांच्या, शहांच्या, चौगुल्यांच्या मुलीने जावं असं वाटतं ना? पाळी वर्षाला तेरा वेळा येते. पाच दिवस धरले तर पासष्ट दिवस. वर्षातले दोन महिने सराव बुडवून कुणी ऑलिम्पिकला जात नाही, जिल्ह्यालाही नाही.

पदकाचं सोडा. आपल्यातली कितीतरी घरं कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठची आहेत. २००५ चा पूर आपण पाहिला, २०१९ चा पाहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून लोकांना नेणारी नाव उलटली, त्यात बायका आणि लेकरं गेली. पुराच्या त्या पाण्यात पोहता येऊनही सगळे वाचले असते असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर आपण मुलींना पोहायला शिकवायचं ठरवायला हवं होतं की नाही? नदी उंबऱ्याशी येते तेव्हा ती कुणाला विचारत नाही की तुला आज अडचण आहे का. पोहणं अर्धवट सोडलेल्या मुलीला दम टिकवणं, पाठीवर तरंगणं, कपड्यासकट हात मारणं हे सगळं यायचं राहून जातं. जीवदया म्हणतो आपण. आपल्या पोटच्या जिवाचीही दया त्यातच येते.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. मुलगी दहा-अकराची झाली की पाळी यायच्या आधीच तिला सांगा की पाळीतही पोहता येतं. घरात एक कप किंवा टॅम्पॉनची लहान पाकीट आणून ठेवा, आणि वापरायचं की नाही हे तिच्यावर सोडा. तलावावर पाटी असेल तर चौघी मिळून ऑफिसात जा आणि ती कुठल्या नियमाने लावली ते विचारा. बाईमाणूस शिकवायला ठेवा म्हणून आग्रह धरा. सासूबाई नाराज झाल्या तर त्यांना म्हणा, "आई, देवघरातलं मी पाळते, तुमचा शब्द मोडत नाही, पण पोरीला तलावात जाऊ द्या." बहुतेक सासवा ऐकतात. मी स्वतः सासू आहे, म्हणून सांगते.

आणि स्पर्धेच्या दिवशी तारीख आली, तर डबा भरून द्या, टॉवेल गडद रंगाचा द्या आणि वेळेवर पोचवा.

जय जिनेंद्र.